दुधाच्या हिशेबात सापडलेलं निदान

रुग्ण पुरुष, निदानाच्या वेळी वय ४१, लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे. काम मराठी नाटकांच्या प्रकाशाचं. रचना दुसऱ्याची असते, प्रयोगाला बोर्डावर बसून दिवे चढवायचे-उतरवायचे ते हे. रोज आठ-दहा सिगारेटी. रक्तदाब ठीक. आईला मधुमेह. तक्रार उजव्या डोळ्यामागच्या असह्य कळेची, वर्षाआड येणारी, नऊ वर्षांपासूनची. या नऊपैकी सात वर्षं ते माझ्याकडे येत होते आणि सातही वर्षं मी त्यांना सायनसची औषधं देत होतो.

चाळीत सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मीही म्हणतो. त्यांच्या पत्नीला वहिनी. दोघांच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत, दुखण्याचे मात्र तसेच ठेवले आहेत.

२०१५ साली भाऊ पहिल्यांदा आले ते अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात. त्या दिवसांत लालबागमध्ये दवाखाना चालवणाऱ्याला विचारा, दर दुसऱ्या माणसाचं नाक वाहत असतं. दहा दिवसांचा गुलाल, धूळ, फटाके, गर्दीत घेतलेले दुसऱ्याचे श्वास. भाऊ म्हणाले, उजवी नाकपुडी चोंदते, उजव्या डोळ्यातून पाणी येतं, कपाळ फुटेल असं दुखतं. मी कपाळावर बोटांनी ठोकून पाहिलं, ते कळवळले. अँटिबायोटिक, वाफारा, नाकात मारायचा स्प्रे. माझ्या बचावासाठी एवढंच सांगतो, की ते यायचे संध्याकाळी सातला आणि दुखायचं रात्री दीडला. मला कधी दुखणं दिसलंच नाही. दिसायचा तो झोप न झालेला, दाढी वाढलेला माणूस.

आणि गंमत अशी की माझं औषध लागू पडायचं. पहिल्या कोर्सने नाही, दुसऱ्यानेही नाही. दिवाळीच्या सुमारास मात्र दुखणं निघून जायचं आणि वर्ष-दीड वर्ष फिरकायचं नाही. या आजाराची खोड हीच आहे. सहा-आठ आठवडे तो उच्छाद मांडतो आणि मग आपणहून जातो. त्यामुळे जाण्याआधी शेवटी जे केलं असेल त्याला श्रेय मिळतं. भाऊंच्या घरी श्रेयाची अशी भली मोठी यादी होती. २०१३ मध्ये, माझ्याकडे येण्याआधी, दंतवैद्याने वरची उजवी दाढ काढली होती. २०१७ मध्ये नाकातला वाकडा पडदा सरळ करण्याची शस्त्रक्रिया झाली, मीच चिठ्ठी दिली होती. चष्मा दोनदा बदलला. अर्धशिशी समजून सूर्योदयाआधी दूध-जिलबी खाऊन झाली, कपाळावर सुंठीचा लेप झाला. दुखणं नेमकं पितृपक्षात उठतं म्हणून २०१९ साली घरच्यांनी त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी केला. पंधरा दिवसांनी दुखणं थांबलं. मला त्यावर हसू येत नाही. माझ्या अँटिबायोटिकचा पुरावा आणि त्या विधीचा पुरावा अगदी एकाच तोलाचा होता.

२०२२ साली सर्वपित्रीच्या आदल्या रात्री दोन वाजता वहिनींचा फोन आला. "डॉक्टर, आज तुम्ही याच. आज मला भीती वाटतेय." मी दोन गल्ल्या सोडून राहतो. पाचव्या मिनिटाला जिना चढलो तेव्हा भाऊ गॅलरीत येरझारा घालत होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि दर फेरीला लाकडी खांबावर कपाळ आपटत होते. दारात उभा राहिलेला एक शेजारी मला हळूच म्हणाला, "प्रयोगाहून पिऊन आलाय." पिऊन आले नव्हते. आठचा प्रयोग संपवून बाराला घरी आले होते, पिठलं-भात खाऊन साडेबाराला झोपले होते आणि एक पन्नासला ताडकन उठून बसले होते.

टॉर्च मारून पाहिलं. उजवा डोळा लालबुंद, पापणी अर्धी खाली आलेली, बाहुली डाव्या बाहुलीपेक्षा लहान. पाण्याची धार उजव्याच डोळ्यातून आणि उजव्याच नाकपुडीतून. कपाळाच्या उजव्या अर्ध्याला घाम, डावा अर्धा कोरडा. चेहऱ्यावर मधोमध रेघ ओढून एका बाजूचं बटण दाबावं तसं. मी सवयीने म्हणालो, "भाऊ, आधी आडवे व्हा, बीपी बघतो." ते जवळजवळ ओरडले, "झोपवू नका डॉक्टर! झोपलो की वाढतं!"

त्या वाक्याने माझे डोळे उघडले. अर्धशिशीचा रुग्ण दिवे मालवायला सांगतो, अंधारात निपचित पडून राहतो, हललं तरी त्याला त्रास होतो. हा माणूस उभा राहू शकत नव्हता, बसू शकत नव्हता, पडू तर अजिबात शकत नव्हता. सात वर्षांत मी त्यांना कुठे दुखतं हे शंभरदा विचारलं असेल. दुखतं तेव्हा तुम्ही काय करता, हे एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर निदान २०१५ मध्येच झालं असतं, कारण पुस्तकात ते साध्या भाषेत लिहिलेलं आहे: एकाच बाजूला डोळ्याभोवती किंवा कानशिलात तीव्र वेदना, १५ ते १८० मिनिटं टिकणारी, एक दिवसाआड एकपासून दिवसाला आठपर्यंत झटके, त्याच बाजूचा डोळा-नाक वाहणं आणि अस्वस्थ येरझारा. क्लस्टर हेडेक. क्लस्टर म्हणजे घोस. झटके सुटे येत नाहीत, घोसाने येतात.

दोन पंचावन्नला दुखणं थांबलं. भाऊ जागीच खाली बसले आणि त्यांच्या धंद्याच्या भाषेत म्हणाले, "बघा, हे असं. फेड नाही, डायरेक्ट ब्लॅकआउट." मग चहा मागितला.

वहिनी चहा टाकत होत्या आणि मी गॅसशेजारच्या भिंतीवरचं कालनिर्णय बघत उभा होतो. प्रत्येक घरात असतं तसंच, तारखांच्या चौकटीत दुधाचे आकडे, १, १॥, मध्येच खाडा. पण सप्टेंबरच्या पानावर त्या आकड्यांखाली बारीक अक्षरात आणखी काही होतं. १.४०. १.५५. ४.१०. मला वाटलं पैशांचं काही असेल. "ते दुधाचं नाही," वहिनी म्हणाल्या. "ते यांचं. किती वाजता उठतात ते लिहून ठेवते. मग दुसऱ्या रात्री मी दहा मिनिटं आधी उठून शेकायला पाणी तापत ठेवते."

मी तिथेच मोजलं. सतरा रात्रींत एकोणतीस झटके, त्यातले निम्म्याहून जास्त दीड ते सव्वादोनच्या दरम्यान. जुनी कॅलेंडरं आहेत का, विचारलं. २०१९ च्या ऑक्टोबरचं पान पापडाच्या डब्याखाली अंथरलेलं निघालं. तीच वेळ. सीटी स्कॅन, नाकाचे एक्स-रे, दुर्बिणीची तपासणी यांची जाडजूड फाइल कपाटात होती आणि निदान डब्याखाली होतं.

घड्याळ इतकं पक्कं का, याला उत्तर आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बोराएवढा भाग आहे. झोप-जाग, शरीराचं रोजचं आणि ऋतूंचं वेळापत्रक तो चालवतो. १९९८ साली लंडनच्या संशोधकांनी झटका चालू असतानाच मेंदूची छायाचित्रं घेतली, तेव्हा हाच भाग पेटलेला दिसला. चेहऱ्याची संवेदना नेणारी नस आणि डोळ्या-नाकाचं पाणी सोडणाऱ्या नसा एकमेकींना चेतवतात, म्हणून वेदनेबरोबर नाक वाहतं. नाक वाहतं म्हणून दुखत नाही, दुखतं म्हणून वाहतं. मी सात वर्षं गाडी बैलाच्या पुढे जुंपली होती. हजारात साधारण एकाला हा आजार होतो, पुरुषांना जास्त, बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो. म्हणजे लालबाग-परळसारख्या वस्तीत हे काही दुर्मीळ प्रकरण नव्हे. माझ्याच दवाखान्यात आणखी दोघं-तिघं सायनस म्हणून येत असतील.

दोन गोष्टी मी भाऊंना एकट्याला विचारल्या, सकाळी टपरीवर. पहिली दारूची. दौऱ्यावर प्रयोगानंतर एखादा पेग होतो, हे वहिनींसमोर ते बोलले नसते. "एरवी चालते, डॉक्टर. पण त्या दिवसांत घोट घेतला की तासाभराच्या आत हजर." ही या आजाराची खास खूण, घोस चालू असतानाच दारू झटका आणते, एरवी नाही. त्यांनी स्वतःच ओळखून त्या दिवसांत सोडली होती, फक्त मला सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

दुसरी गोष्ट वहिनींनी जाता जाता सांगितलेली. "हे फेऱ्या मारतात तेव्हा मी कठड्याच्या बाजूला उभी राहते." तिसरा मजला. मी भाऊंना सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का. ते बराच वेळ ग्लासाकडे बघत राहिले. "तेवढा तास वाटतं. मग नाही वाटत." इंग्रजीत या डोकेदुखीला आत्महत्येची डोकेदुखी असंही म्हणतात, ते उगाच नाही. रात्री कुठल्याही वेळी मला फोन करायचा हे मी वदवून घेतलं, आणि पुढच्या महिन्यात टेली-मानस ही मानसिक आधाराची सरकारी फोनसेवा सुरू झाली तेव्हा तिचा १४४१६ हा नंबरही त्यांच्या फोनमध्ये साठवला. असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो, अशी समजूत आहे. तसं होत नाही. भाऊंचे खांदे तर विचारल्यावर खाली आले.

पुढचं काम मेंदूविकारतज्ज्ञांचं होतं. महापालिकेच्या रुग्णालयात त्यांनी पिच्युटरी ग्रंथीसह एमआरआय करून घेतला. क्वचित तिथल्या गाठीमुळेही असंच दुखतं. काही निघालं नाही. उपचार तीन पातळ्यांवर ठरले: चालू झटका मोडायला ऑक्सिजन, लगेचचे दिवस निभावायला स्टिरॉइड, आणि घोस संपेपर्यंत रोज वेरापामिल.

ऑक्सिजनवर जरा थांबतो, कारण सगळ्यात सोपा, साइड इफेक्ट जवळजवळ नसलेला उपचार मुंबईत मिळवताना आमच्या नाकी नऊ आले. आणि पहिली चूक परत माझीच.

मी चिठ्ठीवर लिहिलं, "ऑक्सिजन, गरजेनुसार." भाऊंनी एका ओळखीच्या घरून २०२१ च्या लाटेत घेतलेलं कॉन्सन्ट्रेटर आणलं. तसली यंत्रं तेव्हापासून कितीतरी घरांत पलंगाखाली धूळ खात पडली आहेत. दोन रात्री वापरून त्यांनी सांगितलं, ऑक्सिजनने काही होत नाही. होणार कसं? ते यंत्र मिनिटाला पाच लिटर देतं, नाकातल्या नळीने. नळीच्या बाजूने साधी हवाही ओढली जाते, फुप्फुसात पोचतो तो चाळीस टक्क्यांच्या आसपास. क्लस्टरला हवा शंभर टक्के ऑक्सिजन, मिनिटाला १२ ते १५ लिटर, पिशवीवाल्या नॉन-रिब्रीदर (सोडलेला श्वास परत आत न येऊ देणाऱ्या) मास्कमधून, बसून, किंचित पुढे वाकून, १५ ते २० मिनिटं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२ लिटरच्या शुद्ध ऑक्सिजनने ७८ टक्के झटके पंधरा मिनिटांत शमले, साध्या हवेने २० टक्के. आकडा मास्कवर आणि प्रवाहावर अवलंबून आहे. चिठ्ठीवर ते लिहिलं नाही तर चिठ्ठी फाडून टाकलेली बरी.

मी नवी चिठ्ठी लिहिली. भाऊ ती घेऊन सिलिंडरवाल्याकडे गेले. त्याने खिशातून ऑक्सिमीटर काढून त्यांच्या बोटाला लावला. "अठ्ठ्याण्णव आहे. तुम्हाला ऑक्सिजन कशाला?" बिचाऱ्याचं चुकलं नाही. कोविडने सगळ्या मुंबईला एक धडा शिकवला होता, की आकडा खाली गेला की ऑक्सिजन. इथे ऑक्सिजन उणीव भरून काढायला नाही, औषध म्हणून द्यायचा होता. शेवटी मी फोनवर बोललो, डिपॉझिट भरलं आणि दोन पोरांनी काळ्या अंगाचा, पांढऱ्या खांद्याचा सिलिंडर तीन जिने चढवून आणला.

मग गणित. छोट्या, बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर मावतात. मिनिटाला पंधरा धरले तर शंभर मिनिटं, म्हणजे पाच-सहा झटके. रात्री दोन झटके असले की तिसऱ्या रात्री रिकामा. जम्बोमध्ये सात हजार लिटर असतात, पण तो त्या जिन्यावरून कोण चढवणार आणि बारा बाय दहाच्या खोलीत ठेवणार कुठे? दोन छोटे आळीपाळीने वापरायचे ठरलं, एक घरी, एक भरायला. जागेचा प्रश्न वहिनींनी सोडवला आणि मला घाम फोडला. सिलिंडर ठेवला होता देवघराशेजारी, समईपासून दोन हातांवर. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण ठिणगीचा वणवा करतो. तो गॅलरीकडच्या दाराशी नेला, खांबाला साखळीने बांधला, रात्री समई शांत करायची असं ठरलं आणि भाऊंना बजावलं, की मास्क काढल्यावर लगेच सिगारेट नाही, खोलीत तर कधीच नाही.

नव्या मास्कने पहिल्या रात्री झटका अकरा मिनिटांत मोडला. वहिनींनी वेळ लिहिली: १.४५, आणि पुढे पहिल्यांदाच दुसरा आकडा, १.५६. सकाळी मला फोन करून एवढंच म्हणाल्या, "आज पाणी तापवलं ते तसंच राहिलं."

प्रत्येक झटका ऑक्सिजनला बधला असं नाही. पाचात एखादा पुरून उरायचा. त्यासाठी आणि प्रयोगासाठी झोल्मिट्रिप्टानचा नाकातला स्प्रे दिला. दिव्यांच्या बोर्डाशेजारी सिलिंडर ठेवणं मला पटेना. सुमाट्रिप्टनचं कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन सगळ्यात जलद, सहा मिलिग्रॅमचं, पण आम्हाला ते वेळेवर मिळेना. गोळीचा उपयोग नाही, ती लागू पडेपर्यंत दुखणं आपणहून गेलेलं असतं आणि श्रेय परत भलत्यालाच. ट्रिप्टान रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून सिगारेट ओढणाऱ्या माणसाचं हृदय आधी तपासून घेतलं. स्प्रे चोवीस तासांत दोनच.

स्टिरॉइडने, म्हणजे रोज १०० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनने, चौथ्या दिवशी झटके जवळजवळ बंद झाले. पाच दिवसांनंतर दर तीन दिवसांनी २० ने कमी करत न्यायचं असतं. पण जेवणानंतरची साखर २६० वर गेली, आईचा वारसा. गोळ्या लवकर आटोपल्या.

वेरापामिल हे मूळ रक्तदाबाचं, हृदयाचं औषध. क्लस्टरला ते का चालतं याचा पुरता उलगडा झालेला नाही, पण चालतं, आणि हृदयरोगात देतात त्याहून बरंच जास्त द्यावं लागतं. दिवसाला २४० मिलिग्रॅमने सुरुवात केली, दर दोन आठवड्यांनी ८० ने वाढ, प्रत्येक वाढीआधी ईसीजी. हा ईसीजी लोक टाळतात. "छातीत काही होत नाही, मग कशाला?" भाऊंनीही विचारलं. ४८० वर त्यांचा ईसीजीतला पीआर इंटरव्हल २२० मिलिसेकंद झाला. २०० पर्यंत चालतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खाली जाणारा निरोप रेंगाळू लागला होता, त्यांना काहीही जाणवत नव्हतं. तज्ज्ञांनी ४०० वर आणलं. बद्धकोष्ठता झाली, रात्री इसबगोल सुरू केला. ४०० वर झटके चार दिवसांत एकावर आले आणि नोव्हेंबरमध्ये थांबले.

आपणहूनच थांबले असतील का? असतीलही. घोस संपायची वेळ झालीच होती. श्रेयाबद्दल एवढं लिहून झाल्यावर ते सगळं वेरापामिलच्या पदरात टाकणं मला शोभणार नाही.

म्हणून २०२४ चा घोस जास्त सांगून जातो. २०२३ कोरडं गेलं. २०२४ मध्ये गणपती घरात असतानाच भाऊंना उजव्या भुवईत बारीक टोचणी सुरू झाली. मोठ्या झटक्यांआधी त्यांना अशा सावल्या पडतात, हे आता त्यांना कळतं. त्याच आठवड्यात वेरापामिल सुरू झालं आणि साखरेमुळे गोळ्यांऐवजी डोक्याच्या मागे उजवीकडे, ऑक्सिपिटल नसेभोवती, स्टिरॉइड आणि बधिर करण्याच्या औषधाचं इंजेक्शन दिलं गेलं. पहिला पूर्ण झटका यायला नऊ दिवस लागले. संपूर्ण घोसात, सात आठवड्यांत, चौदा झटके. २०२२ मध्ये सतरा रात्रींतच एकोणतीस होते.

त्यातला एक दादरच्या प्रयोगात आला, दुसऱ्या अंकात. भाऊंनी आधीच दिग्दर्शकाला सांगून ठेवलं होतं, एका मुलाला क्यू शीट, म्हणजे कुठला दिवा केव्हा बदलायचा त्याची यादी, शिकवून शेजारी बसवलं होतं. स्प्रे मारून ते मागच्या दाराने बाहेर पडले आणि रानडे रोडच्या फूटपाथवर येरझारा घालत राहिले. मुलाने एक क्यू उशिरा दिला. प्रेक्षकांना कळलं नाही, नटाला कळलं, आणि तो प्रयोगानंतर चिडला. पूर्वी हे लपवायचे. नाटकवाल्यांत "याचं डोकं दुखतं" ही अफवा पसरली की कामं जातात, अशी त्यांची भीती. या वेळी त्यांनी त्या नटाला कोपऱ्यात घेऊन डोळा दाखवला, अजून लाल होता.

सिगारेटी आठावरून तीनवर आल्या आहेत. त्याने क्लस्टर जाईल असं मी त्यांना सांगितलेलं नाही, कारण तसा भरवसा नाही. सोडायच्या त्या हृदयासाठी. दाढ गेली ती गेलीच, आणि नाकाच्या शस्त्रक्रियेचं बिल मी फाइलमध्ये वर लावून ठेवलं आहे, माझ्यासाठी.

जानेवारीत त्यांच्याकडे गेलो तर भिंतीवर नवं कॅलेंडर होतं. चौकटींत नुसतं दूध. वहिनींनी विचारलं, पुढच्या वेळी सिलिंडर कधी सांगून ठेवायचा. मी म्हणालो, पहिली टोचणी आली त्याच दिवशी, झटक्याची वाट बघू नका. त्यांनी मनातल्या मनात डिपॉझिट, भरणावळ, जिन्यावरच्या पोरांचे पैसे असा हिशेब केला असावा.

"म्हणजे गणपतीच्या आधीच पैसे बाजूला काढायला हवेत," त्या म्हणाल्या, आणि ऑगस्टचं पान उलटून कोपऱ्यात लिहून ठेवलं.